बाबांच्या वाट्याला पाचवा शब्द

आमच्या गल्लीत एका बाजूला कॅथॉलिक चर्च, समोर मशीद आणि दोघांच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, हिरवी जाळी ताणलेलं फुलांचं दुकान. अमरावतीत याहून मोठी चर्च असतील, मोठ्या मशिदी तर आहेतच, पण अशी गल्ली दुसरी नाही, हे मी भेटेल त्याला ऐकवते. नवरा म्हणतो, "तुला कुणी पत्ता विचारला तरी तू भाषण देतेस." देते. ज्या गल्लीत वीस-बावीस वर्षं संसार केला तिचं कौतुक मी नाही करायचं तर कुणी करायचं?

पण या गल्लीचा मला खरा अभिमान वाटायला लागला तो एका गुड फ्रायडेपासून. अलीकडचीच गोष्ट. त्या वर्षी गुड फ्रायडे रमजानात आला होता.

आधी आमच्या ख्रिस्ती मंडळींबद्दल सांगायला हवं. शहरात आम्ही मूठभर, आणि आमची चर्च सहा. मिशनचं जुनं चर्च, कॅथॉलिकांचं, टीनाच्या छपराचं, शाळेच्या हॉलात भरणारं, मल्याळी मंडळींचं आणि टाळ्या वाजवून गाणाऱ्यांचं. या शेवटच्यांना बाकीचे सगळे पाठीमागे 'टाळ्यावाले' म्हणतात. वर्षभर प्रत्येकाला दुसऱ्यात खोट दिसते. कुणी बाप्तिस्मा पाणी शिंपडून देतं, कुणी बुडवून. कुणाच्या उपासनेत धूप जळतो, तर कुणाला धुपाचं नाव काढलं तरी ठसका लागतो. एकमेकांच्या लग्नात आम्ही पोटभर जेवतो, मयतीला खांदा देतो, पण उपासनेची वेळ झाली की ज्यानं त्यानं आपापला रस्ता धरायचा.

गुड फ्रायडे तेवढा याला अपवाद. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन आम्ही सगळे एका छताखाली बसतो. येशूनं क्रूसावरून सात वेळा तोंड उघडलं, त्यांना आम्ही सात शब्द म्हणतो. मारणाऱ्यांसाठी क्षमा मागण्याचा पहिला, मग शेजारच्या चोराला धीर देण्याचा, मग आईला शिष्याच्या हवाली करण्याचा, असं करत प्राण सोडण्याच्या सातव्यापर्यंत. एकेका शब्दावर एकेक जण उपदेश करतो. सहा चर्चचे सहा आणि एक बाहेरगावचा पाहुणा. कुणाला कोणता शब्द हे चिठ्ठ्या टाकून ठरतं, कारण पहिला सगळ्यांनाच हवा असतो आणि तहानेचा पाचवा कुणालाच नको असतो. उपास केलेल्या लोकांपुढे, वऱ्हाडातल्या उन्हात, ऐन दुपारी उभं राहून तहानेवर बोलायचं म्हणजे त्यांचा अंत पाहणंच की.

या सगळ्याची जुळवाजुळव करणाऱ्या समितीची मी कार्यवाह आहे. मी शाळेत शिकवते, मोठ्यानं बोलते, म्हणून मला हे पद मिळालं असं मी सांगते. खरं कारण वेगळं आहे. माझं माहेर मिशनचं आणि सासर कॅथॉलिक, त्यामुळे काही बिनसलं की दोन्हीकडच्यांना हक्कानं माझ्यावर ओरडता येतं.

माहेर म्हणजे अकोट. बाबा तिथल्या मिशनच्या चर्चचे पाळक होते. बाजूला जिनिंग चालू असायचं आणि मोकळ्या मैदानात उभं राहून ते उपदेश करायचे. मशीनच्या घरघरीवर त्यांचा आवाज जायचा. कापूस घेऊन आलेले शेतकरी गाडीवर बसून ऐकायचे. त्यातलं कुणी कधी चर्चमध्ये आलं नाही, पण पाळकाचा गळा खणखणीत आहे हे मात्र आजूबाजूच्या गावांत सगळ्यांना माहीत होतं. मला लहानपणी वाटायचं, देवालासुद्धा आमच्या बाबांचंच आधी ऐकू जात असेल.

असे माझे बाबा माझ्या लग्नाला आले नाहीत.

लग्न कॅथॉलिक चर्चमध्ये, तिथल्या वेदीपुढे लागणार हे ठरलं तेव्हा त्यांनी मुलाबद्दल वाकडा शब्द काढला नाही. पोरगा चांगला आहे, म्हणाले. घरी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग म्हणाले, "त्या मूर्त्यायच्या समोर मी उभा नाई राहू शकत, पोरी. जल्मभर लोकायले जे सांगतलं ते एका दिवसासाठी पुसून टाकू का?" आमच्यात वडील मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेतात. मला काकांनी नेलं. काका बिचारे इतके घाबरलेले होते की मीच त्यांना नेलं म्हटलं तरी चालेल.

नंतर बाबा आमच्याकडे येऊ लागले. राहायचे, जेवायचे, नातीला पेटी शिकवायचे. पण आमचं घर चर्चच्या मागे, आणि स्टँडवरून येणारा सरळ रस्ता चर्चच्या फाटकासमोरून जातो. बाबा तो सोडून मशिदीच्या मागून वळसा घालून यायचे. सत्तरी उलटली तरी, भर उन्हात, हातात पिशवी घेऊन. सासूबाई खिडकीतून बघायच्या आणि मला हाक मारायच्या, "आले वं तुह्ये बाबा, परदक्षिणा घालून." दोघं एकमेकांशी बोलायचे ते माझ्या मुलीमार्फत. "आजीले सांग, भाजी चांगली झाली." "आजोबाले सांग, अजून घ्या म्हणा." मुलगी बिचारी दोघांच्या मध्ये बसून निरोप इकडून तिकडे पोचवायची, आणि दोघंही हाताच्या अंतरावर.

बाबांनी मत बदलावं असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्या मतांवरच मी वाढले. पण माझं लग्न जिथं लागलं ती जागा त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढं मला फार वाटायचं. त्याचं दुःख होतं, आणि दुःखापेक्षा राग जास्त होता. आमच्या घरात राग लवकर येतो.

त्या वर्षीच्या बैठकीत नवे आलेले फादर म्हणाले, "दरवर्षी आम्ही तुमच्याकडे येतो. यंदा तुम्ही सगळे आमच्याकडे या. आमची नेहमीची उपासना आम्ही चारला ठेवू." कॅथॉलिक चर्चमध्ये सात शब्द आजवर कधी झाले नव्हते. टाळ्यावाल्यांचा तरुण पाळक जरा चुळबुळला. आमच्या लोकांना मूर्तींचं जड जाईल, म्हणाला. फादर हसले. "त्या दिवसांत आमच्याकडच्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडानं झाकलेल्या असतात. तुमच्या लोकांना माझ्याखेरीज बघण्यासारखं काही नसेल." सगळे हसले आणि ठरलं. मग पाहुणा कोण बोलवायचा हा विषय निघाला, तेव्हा त्याच तरुण पाळकानं बाबांचं नाव घेतलं. त्यानं लहानपणी अकोटला त्यांना ऐकलं होतं. आमच्या घरातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. मी नाव लिहून घेतलं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि बाबांच्या वाट्याला पाचवा शब्द आला.

फादरांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी हळूच विचारलं, "येतील?"

"येतील," मी म्हणाले. एवढ्या खात्रीनं मी अजून एकाही विद्यार्थ्याला पास होशील असं सांगितलेलं नाही.

फोनवर बाबांनी आधी शब्द कोणता ते विचारलं. पाचवा म्हटल्यावर खूश झाले. "लय दिवसापासून मनात होता तो," म्हणाले. मग विचारलं, "कोणत्या चर्चात हाय यंदा?"

मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.

"बाबा?"

"ऐकून राह्यलो. येतो म्हणून नको सांगू कोणाले. अन् येत नाई म्हणूनही नको सांगू."

"मी सांगून बसले, येतात म्हणून."

"तुले सबूर कवा होती!" म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

दुसरं काम होतं मशिदीचं. सहा चर्चची माणसं आत मावणार नव्हती, बाहेर मांडव आणि भोंगे लागणार होते. गुड फ्रायडे म्हणजे शुक्रवार, आणि शुक्रवारी दीड वाजता समोर जुम्म्याची जमात, म्हणजे सामुदायिक नमाज, उभी राहते. रमजानातला जुम्मा तर असा की नमाजाच्या रांगा रस्त्यापर्यंत येतात. मी मशिदीच्या कमिटीच्या अध्यक्षांना, सदरसाहेबांना, जाऊन भेटले. ते संत्र्यांचे व्यापारी, मोर्शीकडच्या बागा घेतात, आणि वऱ्हाडी माझ्यापेक्षा झकास बोलतात. मी म्हटलं, "तुमच्या नमाजात आमचा आवाज येणार नाही, याची काळजी आम्ही घेऊ."

"ताई, तुमी बेफिकीर राहा," ते म्हणाले. "आमी पाहतो ना."

त्यांचा रोजा होता, माझाही गुड फ्रायडेआधीचा उपास होता. चहा विचारायचाही प्रश्न नव्हता. रिकाम्या पोटी एकमेकांचे आभार मानून आम्ही उठलो. घरी येऊन मी समितीला सांगितलं: पहिले चार शब्द दीडच्या आत आटपायचे, दीड ते दोन भोंगे बंद, सगळ्यांनी मौन प्रार्थनेत बसायचं, दोन वाजता पाचवा शब्द. सगळ्यांना पटलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते.

गुड फ्रायडेला कॅथॉलिक चर्चची घंटा वाजत नाही, लाकडी खटखटी वाजवतात. बाराला ती वाजली तेव्हा मांडवात उभं राहायला जागा नव्हती. मिशनच्या बायका पांढऱ्या साड्यांमध्ये, मल्याळी मंडळी वेळेच्या आधी येऊन पुढच्या बाकांवर, टाळ्यावाले त्या दिवसापुरते हात आवरून. सहाच्या सहा चर्चमधली माणसं अशी सरमिसळ बसली होती की कोण कुठलं ते ओळखू येईना. आम्ही हे जमवलं होतं, आमच्यासारख्या भांडकुदळ माणसांनी.

वेदीजवळ सात खुर्च्या मांडल्या होत्या. सहा भरल्या होत्या. सातवीकडे बघायचं नाही असं ठरवून मी तिच्याकडेच बघत होते.

पहिला शब्द झाला, दुसरा झाला. अकोटची सकाळची एसटी एव्हाना कधीच येऊन गेलेली असणार. बाबा उपासनेच्या दिवशी फोन घरी ठेवतात, त्यामुळे विचारायची सोय नव्हती. तिसऱ्या शब्दाला सासूबाईंनी डोळे पुसले. त्या दरवर्षी पुसतात. चौथा शब्द टीनाच्या चर्चच्या पाळकांकडे होता. त्यांनी तो इतका ताणला की मी मागून मनगटावर बोट आपटून आपटून थकले. दीडला कसेबसे ते बसले. भोंगे बंद झाले आणि सगळे मौनात गेले.

आता समोरून खुतबा, जुम्म्याचं प्रवचन, ऐकू येणार, म्हणून मी कान लावले. समोर सामसूम. रस्त्यावर चटया नाहीत, रांगा नाहीत, आवाज नाही. बराच वेळ गेला. इतक्या वऱ्हाडी माणसांना एका जागी गप्प बसवणं ही काही साधी गोष्ट नाही. खोकले सुरू झाले. कुणीतरी पुटपुटलं, "काहून, आज नमाज नाई का?" फादर माझ्याकडे बघायला लागले आणि मी छताकडे.

तेवढ्यात मांडवाच्या कडेनं फुलवाली मावशी मला खुणा करू लागली. ती नांदगाव खंडेश्वरकडची, तिथं त्यांचा मळा आहे. तिची फुलं देवळात जातात, दर्ग्यावर जातात, आमच्या वेदीवरही जातात. गुड फ्रायडेला आम्हाला फूल चालत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, पण रविवारच्या ईस्टरसाठी निशिगंध किती लागेल ते विचारायला ती दुकान लावतेच. मी बाहेर गेले.

"तुह्ये बाबा माह्या दुकानात बसून राह्यले," ती म्हणाली. "पयल्या शब्दापासून. दोनदा उठले स्टँडवर जायाले. म्या पिशवीच देल्ली नाई."

हिरव्या जाळीखाली, झेंडूच्या टोपल्यांच्या मधे, एका पालथ्या क्रेटवर बाबा बसले होते. मांडीवर पवित्र शास्त्र, हाताची घडी त्याच्यावर. मला पाहून म्हणाले, "चारही शब्द ऐकले. चौथा लयच ताणला त्यानं."

"बाबा, आत चला. आता तुमचाच आहे."

"भोंगा इथं आण. मी इथूनच बोलतो."

मला इतका राग आला की मावशीचं दुकान आहे हे विसरून मी ओरडणार होते. इतकी माणसं आत, सातवी खुर्ची रिकामी, आणि हे रस्त्यावरून बोलणार. मी दात आवळून म्हटलं, "भोंगा बंद आहे. समोर नमाज आहे म्हणून आम्ही मौनात बसलोय."

बाबांनी रस्त्याकडे पाहिलं. "कुठं हाय नमाज?"

तेवढ्यात सदरसाहेब मशिदीच्या दारातून भराभर आमच्याकडे आले. पांढरा कुर्ता, काखेत नमाजाची गुंडाळलेली चटई, चेहरा काळजीनं उतरलेला. "ताई, काई बिघडलं का? एवढे गप काहून बसले तुमी? आमी त आतून ऐकून राह्यलो होतो."

"तुमच्या जमातीसाठी थांबलोय," मी म्हटलं.

"आमच्या? आमी त जमात दोन वाजता ठेवली ना! तुमचं ऐन रंगात येईन अन् आमचा खुतबा मधात येईन म्हणून. मागच्या जुम्म्यालेच ऐलान केलं."

दीड वाजता त्यांनी आमच्यासाठी जागा केली होती, आणि त्याच दीड वाजता आम्ही त्यांच्यासाठी. ती वेळ मध्येच पडून होती, आणि आता दोन वाजता दोघांचंही एकदम सुरू होणार होतं. आधी मावशीला हसू फुटलं. "हे तुमच्यासाठी थांबले, तुमी याह्यच्यासाठी थांबले," ती म्हणाली, "अन् मी बावाजीले धरून बसली!"

मग आमची जुंपली. सदरसाहेब म्हणे, आम्ही बाहेरचा भोंगा बंद ठेवतो, खुतबा आतल्या आत होईल. मी म्हणे, छे, तुमचा रमजानातला जुम्मा, आमचाच भोंगा बंद राहील. ते म्हणे, तुमचा वर्षातला एवढा मोठा दिवस. मी म्हणे, तुमचा काय लहान आहे? दोघंही हट्टाला पेटलो. समोरच्याला वाट देण्यासाठी भांडणारी माणसं मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते, आणि त्यातली एक मी होते.

बाबा आळीपाळीनं आमच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी सदरसाहेबांना विचारलं, "तुमी नमाज मांगं घेतली? जुम्म्याची? रमजानात?"

"अर्धा घंटाच, बावाजी. त्यात काय."

"लोक तयार झाले?"

"दोघं-तिघं कुरकुरले. मी म्हणलं, त्यायचे पाळक दूरदूरून येतात, बोलू द्या त्यायले."

बाबा शास्त्राच्या कव्हरवरून अंगठा फिरवत राहिले. मग गुडघ्यावर हात रोवून उठले आणि मावशीपुढे हात केला. "पिशवी दे वं, बाई."

मावशीनं पिशवी पाठीमागे धरली. "नाई देत. स्टँडवर जासान तुमी."

"नाई जात. माह्या कोट हाय त्याच्यात."

त्यांचा तो काळा कोट. अकोटच्या चर्चमध्ये व्यासपीठावर चढताना ते घालायचे तोच. जाळीखाली उभं राहून त्यांनी तो त्या उन्हात अंगात चढवला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "या माणसानं माह्या शब्दासाठी आपली नमाज मांगं ढकलली, अन् ज्याचा शब्द तो मी दारात बसून राह्यलो. लाज वाटून राह्यली मले. चाल." आणि सदरसाहेबांना म्हणाले, "तुमचा भोंगा चालू राहू द्या, भाऊ. मले भोंगा कवा लागला?"

ते फाटकातून आत गेले. मी त्यांच्या मागून चालले होते. माझे बाबा या चर्चमध्ये जाताहेत, याचा मला इतका अभिमान वाटला की एखाद्या लहान पोरीसारखं सगळ्यांना ओरडून सांगावं, हे माझे बाबा आहेत. सांगितलं नाही. कार्यवाहाला शोभलं नसतं.

दोन वाजता समोरून अजान झाली. ती संपेपर्यंत बाबा हात जोडून उभे राहिले. मग माइक बाजूला सारून बोलायला लागले. समोर खुतबा चालू होता, त्याचा आवाज खिडक्यांतून येत होता, आणि बाबांचा आवाज त्याच्याशी न भांडता त्याच्या बाजूनं मांडवाच्या शेवटच्या टोकापर्यंत जात होता. पाठ केलेलं भाषण त्यांनी गुंडाळून ठेवलं होतं हे मला पहिल्या वाक्यातच कळलं, कारण ते शुद्ध मराठी सोडून घरच्या बोलीत बोलत होते.

"तहान लागली तवा त्यानं मागतलं," बाबा म्हणाले. "कोणाजवळ? आपल्या माणसायजवळ नाई. आपले त दूर उभे होते. ज्यायनं खिळे ठोकले, त्याच शिपायायजवळ मागतलं. अन् त्यायनं जे आंबट-बिंबट देल्लं, ते तोंडाले लावलं. कोणाच्या घरचं हाय, असं नाई इचारलं त्यानं."

बाबांनी फाटकाकडे हात केला.

"मी पयल्या शब्दापासून या फाटकाच्या बाहेर बसलो होतो. मले वाटे, मी माह्या देवासाठी बाहेर बसलो. पण तो त इथं आत होता, अन् तिथं समोर थांबणाऱ्यायजवळ होता. मीच एकटा बाहेर होतो." ते थांबले, आणि फादरांकडे वळले. "माह्यं मत हाय तेच हाय, फादर. मूर्ती मले पटत नाई. तुमी पटवू बी नका." फादर मोकळेपणानं हसले आणि त्यांच्याबरोबर सगळं चर्च हसलं. गुड फ्रायडेला आमच्याकडे हसत नाहीत. त्या दिवशी हसले.

तीनला सगळं आटपलं. नमाजही सुटली होती. रस्त्यावर दोन्हीकडची माणसं एकमेकांत मिसळून निघाली होती, आणि मावशी येणाऱ्याजाणाऱ्याला जमातीचा आणि मौनाचा किस्सा तिखटमीठ लावून सांगत होती. मला वाटलं बाबा आता घरी जाऊन पडतील. ते गेले नाहीत. मागच्या बाकावर बसून राहिले. चारला कॅथॉलिकांची उपासना सुरू झाली तरी तिथंच होते.

त्या उपासनेत एक मोठा लाकडी क्रूस वेदीपुढे आणतात आणि सगळे रांगेनं जाऊन त्याचं चुंबन घेतात. सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना दरवर्षी मी किंवा माझी मुलगी धरून नेते. त्या दिवशी मुलगी गायकवृंदात होती आणि मी पलीकडच्या दाराशी रांग लावत होते. मी वळून बघते तर बाबा उठून सासूबाईंच्या बाकापाशी आलेले. "इहीनबाई," ते म्हणाले, सरळ त्यांनाच, मध्ये नात नाही कुणी नाही, "चाला. धरा माह्या हात."

सासूबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि हात धरला. दोघं रांगेत सरकत सरकत पुढे आले. क्रूसापाशी पोचल्यावर बाबांनी त्यांना नीट वाकू दिलं. सासूबाईंनी ओठ टेकवले. बाबा वाकले नाहीत. कोटाची बटणं लावलेली, हात जोडलेले, मान खाली घालून उभे राहिले. त्यांच्या मनाला जेवढं पटत होतं तेवढंच त्यांनी केलं, आणि जेवढं केलं ते पूर्ण केलं. मला त्यांचा त्या वेळी जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या कुठल्याच उपदेशाचा वाटला नव्हता.

सासूबाईंना कमी ऐकू येतं, म्हणून त्या मोठ्यानं बोलतात. कंबर सरळ करत त्या म्हणाल्या, आणि ते सगळ्या चर्चनं ऐकलं, "लग्नाले लयच उशिरा आले तुमी, इवाई."

"आलो ना पण," बाबा म्हणाले. मग वेदीपुढच्या फरशीकडे पाहून त्यांनी विचारलं, "पोरगी कुठी उभी होती माह्यी?"

सासूबाईंनी बोट दाखवलं. "तिथी. डाव्या हाताले."

बाबा तिथं गेले आणि उभे राहिले. मागे रांग थांबली. कुणी त्यांना पुढे सरका म्हटलं नाही.